स्लाइडवरची छत्री

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी माझा स्वतःचा लघवीचा नमुना स्वतःच कल्चरला लावला. ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. रोज वीस-पंचवीस लघवीचे नमुने हाताखालून जायचे. डबी घ्यायची, नाव, वय, वेळ लिहायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. त्या दिवशी डबीवर माझंच नाव लिहिताना हात अडखळला. चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागली होती आणि आधीच्या दोन्ही वेळा मी काहीच तपासलं नव्हतं.

मी राहते डोंबिवली पूर्वेला. लॅब सातला उघडते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं त्याआधीच बाहेर उभी असतात. म्हणून पावणेसहाला घर सोडायचं आणि कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाणे गाठायचं. निघताना अर्धा कप चहा. पाणी नाही. कारण लॅबमध्ये स्वच्छतागृह एकच होतं आणि पेशंट नमुना द्यायला तिथेच जायचे. सात ते अकरा बाहेर रांग. हातात डबी घेऊन दहा माणसं ताटकळत असताना आपण मध्येच आत कसं घुसायचं, असं वाटायचं. साडेअकराला गर्दी ओसरली की एकदा जायचं आणि मग थेट घरी, संध्याकाळी साडेपाचला. असं एकोणीस वर्षं चाललं. त्याबद्दल मी कधी कुणाला काही बोलले नाही, कारण यात बोलण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. लेडीज डब्यात माझ्याबरोबर उभ्या राहणाऱ्या बायका पुढे दादरला, सीएसएमटीला जायच्या. लोकलला स्वच्छतागृह नसतं. सव्वा तासाचा प्रवास, पुढे बस किंवा शेअर टॅक्सी. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून प्यायचंच नाही, हा हिशेब डब्यातल्या प्रत्येकीचा सारखाच.

पहिल्यांदा त्रास झाला तो २०१८ च्या फेब्रुवारीत. घरी येताना मुंब्रा आणि दिव्याच्या मध्ये गाडी थांबली होती. मी दाराजवळ गर्दीत उभी. ओटीपोटात कळ आली आणि आत्ताच्या आत्ता जायला हवं असं झालं. दहा मिनिटं मी वरच्या कडीला धरून डोळे मिटून उभी होते. घरी पोहोचले तर थेंब-थेंब आणि आग. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी करून दिलं, सब्जा भिजत घातला. म्हणाल्या, "उन्हाळी लागलीय तुला. उन्हातून हिंडतेस, पोटात पाणी नाही." आम्ही शिकलेल्या मुली या शब्दाला मनातल्या मनात खोडून टाकतो, कारण हा आजार उन्हाने होत नाही, जंतूंनी होतो. पण सासूबाईंच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग किती बरोबर होता, ते मला वर्षभराने कळलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. तीन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या चार गोळ्या कपाटात ठेवल्या आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा जळजळ सुरू झाली तेव्हा त्याच घेतल्या. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने हे करायला नको होतं. प्रत्येक पेशंटला मी सांगत होते की औषध सुरू करण्याआधी कल्चरचा नमुना द्या. एप्रिलमध्ये लॅबच्या मॅडमनी मला तासाभरात तिसऱ्यांदा उठताना पाहिलं आणि विचारलं, "अगं, कल्चर लावलंस का?" मी मान हलवली. त्यांनी टेबलावरची निर्जंतुक डबी उचलून माझ्या हातात दिली.

कल्चर म्हणजे काय करतात, ते जरा सांगते. प्लॅटिनमच्या तारेचा एक बारीक फासा असतो. त्यात बरोबर एका मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. तेवढी उचलायची आणि निळसर हिरव्या प्लेटवर पसरायची. प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी त्यावर ठिपके उगवलेले दिसतात. एक ठिपका म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू. शंभर ठिपके म्हणजे लाख. लाखाच्या वर गेलं की संसर्ग धरायचा, हा आकडा बॉस्टनच्या एडवर्ड कास या डॉक्टरांनी १९५६ मध्ये मांडला आणि अजूनही लॅबमध्ये तो वापरतात. मात्र बाईला त्रास होत असेल तर त्याहून कमी जंतूही महत्त्वाचे धरावे लागतात. माझ्या प्लेटवर मोजण्याची गरजच नव्हती. सगळी प्लेट पिवळी झाली होती. ई. कोलाय. थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये शोधलेला, एरवी आपल्या आतड्यात सुखाने राहणारा जंतू. तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी यायला त्याला फार लांब जावं लागत नाही, आणि बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. पुरुषाचा वीसच्या आसपास असतो. हा आजार बायकांना इतका का होतो, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मग कुठलं औषध लागू पडतं ते पाहायला औषधांच्या चकत्या ठेवल्या. मी कपाटातल्या ज्या गोळ्या दोनदा घेतल्या होत्या, त्या औषधाच्या चकतीला जंतू अगदी कडेपर्यंत चिकटून वाढले होते. त्या औषधाला तो आता जुमानत नव्हता. नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ होतं. पट्टी लावून मोजलं, २१ मिलिमीटर. सतरा किंवा त्याहून जास्त भरलं की औषध लागू पडतं असं धरतात. दुसऱ्याच्या रिपोर्टवर हा आकडा मी हजारदा लिहिला असेन. स्वतःच्या रिपोर्टवर लिहिताना डोळ्यात पाणी आलं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ती गोष्ट प्लेटवर नव्हती, स्लाइडवर होती. रुटीन तपासणीसाठी लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब काचेवर घेतला आणि चाळीसच्या भिंगाखाली पाहिलं. पस सेल्स भरपूर. त्यांच्यामध्ये एक मोठी, चपटी, कडेला किंचित दुमडलेली पेशी पडलेली होती. आजूबाजूच्या पस सेलच्या निदान पाच-सहा पट मोठी. तिच्यात शेजारी-शेजारी दोन केंद्रकं होती. अशा पेशी मी आधी पाहिल्या नव्हत्या असं नाही. रिपोर्टवर "एपिथेलियल सेल्स" एवढंच लिहून पुढे जायचे. या वेळी मॅडमना हाक मारली. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ही अम्ब्रेला सेल. तुझ्या मूत्राशयाचं अगदी आतलं अस्तर. छत्रीसारखी खालच्या पेशींवर पसरलेली असते. ती सुटून आलीय."

सुटून आलीय. ते शब्द ऐकून पोटात कसंतरी झालं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी वाचायला काही कागद आणून दिले. ते मी आठवडाभर येता-जाता गाडीत वाचले. भाषा अवघड होती, बऱ्याच ओळी दोन-तीनदा वाचाव्या लागल्या. पण जे समजलं ते मी जन्मात विसरणार नाही.

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात पेशींचे पाच-सात थर असतात. सगळ्यांत वर या छत्रीपेशी. त्यांच्या वरच्या पृष्ठभागाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांनी मढवलेला असतो. न्यूयॉर्क विद्यापीठात तुंग-तिएन सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही प्रथिनं वेगळी काढून ओळखली. एकटंदुकटं प्रथिन नाही, चार प्रमुख भावंडं आहेत आणि ती एकमेकांना धरून षटकोनी नक्षी बनवतात. डोंबिवलीत आमच्या जुन्या चाळीच्या गॅलरीत षटकोनी लाद्या होत्या, लहानपणी त्यांच्यावरून लंगडी घालायचो. माझ्या डोळ्यांसमोर त्याच आल्या. फक्त ही लादी इतकी बारीक, की एका मिलिमीटरचे साठ हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. लघवीत युरिया असतो, क्षार असतात, शरीराने टाकून दिलेलं सगळं असतं. ते तासन्‌तास पिशवीत राहूनही परत रक्तात झिरपत नाही, त्याला ही फरशी मोठा आधार देते.

त्यात आणखी एक सोय आहे. पिशवी रिकामी असते तेव्हा हे प्रथिनांचं आवरण पेशीच्या आत घडी करून ठेवलेलं असतं. पिशवी भरत जाते तसं आतलं आवरण वर येऊन पृष्ठभागाला जोडलं जातं. नऊवारीच्या निऱ्या सोडाव्यात तसा पेशीचा पसारा वाढतो. चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं ते स्नायूंच्या ताणाबरोबरच या निऱ्यांमुळे. आपण पाणी पितो, थांबतो, जातो. या प्रत्येक वेळी कुठल्याही बाईला पत्ता नसताना तिच्या आत ही उलगडण्याची आणि घडी घालण्याची कामं चालू असतात. इतकी वर्षं लघवी तपासली, पण ती जिथे साठते त्या जागेबद्दल माझ्या मनात कधी आदर आला नव्हता. तो त्या आठवड्यात आला.

आणि नेमक्या याच फरशीवर जंतू पकडतो. युरोप्लाकिनच्या एका भावंडाच्या अंगावर मॅनोज नावाच्या साखरेचे कण असतात. ई. कोलायच्या अंगाला बारीक तंतू असतात. तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं. ते त्या साखरेला धरतं. सुन यांच्याच गटाने १९९६ मध्ये ही पकड दाखवली. पुढे असंही दिसलं की प्रवाहाचा ओढा वाढला की ही पकड ढिली होण्याऐवजी घट्ट होते. म्हणजे एकदा चिकटलेला जंतू लघवीच्या धारेबरोबर सहजी जात नाही. तो छत्रीपेशीच्या आत शिरतो, तिथे वाढतो. मग शरीर ती अख्खी पेशीच सोडून देतं. घराची एक लादी उखडून चोरासकट बाहेर फेकावी तसं. माझ्या स्लाइडवर पडलेली ती दोन केंद्रकांची पेशी तशीच निघून आली असावी. पण उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं आहे की वरची लादी गेली की खालचा थर उघडा पडतो आणि काही जंतू तिथे जाऊन गुपचूप बसतात. बरं वाटलं म्हणून तीन दिवसांत गोळ्या सोडणाऱ्या मला हे वाचताना खूप अपराधी वाटलं.

मग असं असेल तर भरपूर पाणी प्या म्हणून डॉक्टर का सांगतात? मला हा प्रश्न गाडीतच पडला. उत्तर दुसऱ्या एका प्रथिनात मिळालं, आणि ते तर मी रोज पाहत होते. मूत्रपिंडात एक प्रथिन तयार होतं. १९५० मध्ये इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल या दोघांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ते लघवीतून वेगळं केलं. दोघे खरं तर फ्लूच्या विषाणूवर काम करत होते. आज त्याला युरोमोड्युलिन म्हणतात. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रथिन हेच. लघवीत प्रोटीन आलं की माणसं घाबरतात. तो रिपोर्ट मुख्यतः अल्ब्युमिनचा असतो आणि त्याची काळजी घ्यायलाच हवी, पण हे प्रथिन तिथे असायलाच हवं. स्लाइडवर अधूनमधून काचेच्या नळीसारखे पारदर्शक तुकडे दिसतात, त्यांना हायलाइन कास्ट म्हणतात. ते याच प्रथिनाचे बनलेले असतात. एकोणीस वर्षं मी "कास्ट ०-१" लिहीत होते.

या युरोमोड्युलिनचे लांब धागे लघवीत तरंगत असतात आणि त्यांच्यावरही तशीच मॅनोजची साखर असते. जंतू फसतो. अस्तराला धरण्याऐवजी धाग्याला धरतो. धाग्यांचं जंतूंसकट गुंतवळ होतं आणि लघवीबरोबर बाहेर जातं. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांना या जंतूचा संसर्ग जास्त झाला. पण गुंतवळ बाहेर जायचं तर लघवी बाहेर जायला हवी. सकाळी पावणेसहा ते साडेअकरा मी ती आत कोंडून ठेवत होते. शरीर आपल्या बाजूने इतकं करतं आणि आपण दार बंद करून बसतो.

रिपोर्ट घेऊन मी युरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत लघवीला किती वेळा जाता?" मी म्हटलं, एकदा. ते काही बोलले नाहीत. कागदावर "१" लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन, दिवसाला निदान दोन-अडीच लिटर पाणी आणि तीन तासांवर थांबायचं नाही, एवढं सांगितलं. मी सत्तेचाळिशीत होते, पाळी अनियमित झाली होती. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनीमार्गातले चांगले जंतू घटतात, म्हणून या वयात त्रास वाढतो, त्यावर लावायचं औषध असतं, हेही त्यांनी समजावून सांगितलं. पाण्याबद्दल तर पुरावाच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बल्गेरियात सोफियाला १४० बायका होत्या, सगळ्यांना वरचेवर हा त्रास व्हायचा आणि सगळ्या पाणी कमी प्यायच्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. दीड लिटर पाणी. त्याला ना प्रिस्क्रिप्शन लागतं, ना पैसे. लागते ती फक्त जायला जागा.

आणि तीच नसते. मी पाण्याची बाटली पर्समध्ये ठेवायला लागले तशी डब्यात चर्चा सुरू झाली. दिवसभर फळ्यासमोर उभी राहणारी एक शिक्षिका म्हणाली, दोन तासिकांच्या मध्ये जायला वेळच नसतो. एक मावशी ठाण्यात रस्त्यावर भाजी विकतात, त्या म्हणाल्या, गाडी कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ? कुठल्या दुकानात विचारलं तर "हो, जा ना" म्हणतात, कुठल्या सार्वजनिक ठिकाणी कुलूप असतं, कुठे आत दिवा नसतो, याचा प्रत्येकीच्या डोक्यात नकाशा होता. इतका तपशीलवार, की मी ऐकतच राहिले. मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम २०११ मध्ये सुरू झाली. 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने पुण्यातल्या महिला स्वच्छतागृहांसाठी उच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की स्वच्छ स्वच्छतागृह हा बायकांच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि महापालिकांनी ती द्यावीत. डब्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "कोर्टाने सांगितलंय? मग कुलूप का असतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला चौथ्यांदा त्रास झाला तो २०२० च्या ऑगस्टमध्ये. लॉकडाऊनमध्ये लोकल बंद होत्या, जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या. आम्ही पीपीई किट घालून स्वॅब घ्यायचो. किट एकदा चढवलं की उतरवून टाकून द्यावं लागायचं, म्हणून सहा-सहा तास पाणी नाही, जाणं नाही. या वेळी पहिल्या दिवशीच डबी भरली, गोळीच्या आधी. आणि संध्याकाळी मॅडमना सांगितलं की हे असं चालणार नाही, माझंही नाही आणि बाकीच्या दोघी मुलींचंही नाही. मोठ्या आवाजात बोलले बहुतेक. मॅडमनी ऐकून घेतलं. दिवाळीनंतर मागची रिपोर्टचे जुने गठ्ठे ठेवायची खोली रिकामी करून त्यांनी स्टाफसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधून घेतलं. किल्ली सेंट्रिफ्यूजच्या बाजूच्या खिळ्याला असते. त्या दिवसानंतर मला त्रास झालेला नाही. आता मी नमुना देऊन जाणाऱ्या प्रत्येक बाईला दोन गोष्टी विचारते, दिवसात पाणी किती आणि कामाच्या जागी जायची सोय आहे का. दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याच जणी खाली बघतात.

माझं बायकांना एवढंच सांगणं आहे. जळजळ सुरू झाली तर पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या आणि डॉक्टरांनी दिलेले दिवस पुरे करा. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, किंवा पोटात बाळ असेल, तर घरच्या उपायांवर एक रात्रही काढू नका, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो. आणि ज्यांच्या दुकानात, क्लासमध्ये, दवाखान्यात, कारखान्यात बायका कामाला आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. त्या बायकांसाठी एक स्वच्छ, दिवा असलेली, कडी लागणारी जागा करा, आणि तिची किल्ली कुणाला विचारावी लागणार नाही अशा खिळ्यावर अडकवा.